ब्लूमिंग्टनला वस्ताद हवा आहे

कॉलेज बास्केटबॉलचा २०२५-२६ चा नवा मोसम आठवड्यावर आला आहे आणि इंडियाना विद्यापीठाच्या संघात गेल्या वर्षी शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या मुलांपैकी एकही उरलेला नाही. कोणी मायामीला गेलं, कोणी मेरीलँडला, कोणी टेक्सास ए अँड एमला, एक जण तर शेजारच्या ओहायो स्टेटला. बाकीच्यांची खेळायची वर्षं संपली. मार्चमध्ये प्रशिक्षक बदलला आणि उन्हाळा लागेपर्यंत डेव्हिडसन, ट्रॉय, सॅम ह्यूस्टन, डीपॉल अशा दूरदूरच्या कॉलेजांतून नवी मुलं येऊन दाखल झाली. इंडियानाच्या जर्सीवर पाठीमागे खेळाडूचं नाव नसतं, ही इथली जुनी रीत. संघ आधी, मुलगा नंतर. मला ती रीत फार आवडते. पण ती शोभते कधी? तेच पोरगं दोन-तीन वर्षं डोळ्यांसमोर वाढलेलं असतं, नुसतं धावायला लागलं तरी कोण ते कळतं, तेव्हा. सगळेच नवे आणि सगळ्यांच्याच पाठी कोऱ्या, तर आम्ही टाळ्या वाजवायच्या कोणासाठी?

मी मूळची कोथरूडची. कमिन्सच्या नोकरीमुळे १९९८ साली कोलंबसला आले. हे इंडियानातलं कोलंबस, कमिन्सचं मुख्यालय जिथे आहे ते. पुण्यातल्या कमिन्समुळे इथे मराठी घरं पुष्कळ. ४६ नंबरच्या रस्त्याने ब्राउन काउंटीचं जंगल ओलांडलं की तासाभरात ब्लूमिंग्टन, इंडियाना विद्यापीठाचं गाव. माझी मुलगी तिथेच शिकली, पण या खेळाचं वेड मला तिच्याआधीच लागलं, आमच्या शेजारच्या आजोबांमुळे. शाळेत बास्केटबॉल शिकवून ते निवृत्त झालेले. टीव्हीवर सामना लागला की चेंडूकडे बघायचेच नाहीत. चेंडू हातात नसलेली चार मुलं काय करताहेत, ते मला दाखवत बसायचे. ‘ह्याला कोणीतरी शिकवलंय,’ ही त्यांच्या तोंडची सर्वांत मोठी शाबासकी. आजोबा आता नाहीत. मी मात्र अजूनही त्यांच्यासारखीच सामना बघते, आणि म्हणूनच गेली कित्येक वर्षं माझा जीव तुटतो.

इंडियाना राज्य महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही नाही. लोकवस्ती सत्तर लाखांच्या आत. पण शाळांमधली देशातली मोठमोठी बास्केटबॉलची मैदानं इथे आहेत. न्यू कॅसल नावाच्या लहानशा गावातल्या शाळेचं बंदिस्त मैदान देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. हजारो माणसं बसतात तिथे, शाळेचा सामना बघायला. १९९० साली इंडियानाच्या शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ४१,०४६ प्रेक्षक आले होते. त्या दिवशी बेडफर्डच्या शाळेकडून खेळणारा डेमन बेली आठवीत असतानाच बॉब नाईट त्याचा खेळ बघून आले होते. नाईट म्हणजे १९७१ ते २००० अशी २९ वर्षं इंडियानाचे प्रशिक्षक. असेंब्ली हॉलमध्ये, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानात, छताला पाच विजेतेपदांचे बॅनर लटकतात: १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. शेवटचे तीन नाईट यांचे. १९७६ चा संघ तर ३२ पैकी ३२ सामने जिंकला, आणि त्यानंतर पुरुषांच्या गटात एकही हार न पत्करता कोणी विजेता झालेलं नाही.

सहावा बॅनर लागत नाही, हे माझं दुःख नाही. साडेतीनशेहून जास्त कॉलेजं खेळतात, एकच जिंकतं. मला सलतं ते वेगळंच. मुलगा हेरायचा कसा आणि हेरल्यावर त्याला घडवायचा कसा, ही जी विद्या या गावाने देशाला दाखवली, तीच इथून नाहीशी झाली.

१९८७ चा संघच घ्या. अंतिम सामना न्यू ऑर्लिन्सला, समोर सिराक्यूज. स्टीव्ह ऑल्फर्ड न्यू कॅसलचा, त्याच मोठ्या मैदानात खेळून आलेला. कॉलेजच्या खेळात तीन गुणांची रेषा देशभर त्याच मोसमात आली होती आणि नाईट यांना ती बिलकूल पसंत नव्हती. तरी त्यांनी बचावपटूंना अडवून ऑल्फर्डला मोकळा करून देणारे पडदे अशा काही बारकाईने बसवले, की त्याने त्या सामन्यात त्या रेषेबाहेरून सात वेळा चेंडू जाळीत टाकला. विजयाचा शेवटचा फटका मारला कीथ स्मार्टने. तो कुठून आला होता? कॅन्ससमधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजातून. म्हणजे बाहेरची तयार मुलं आणायला नाईटही कचरत नव्हते. ‘पूर्वी सगळी पोरं आपलीच होती’ असं जे लोक आज उसासून सांगतात, ते खरं नाही. खरं एवढंच, की बाहेरून आलेल्या मुलाला कुठे उभं राहायचं ते शिकवणारा माणूस इथे होता, आणि ज्यांच्याकडे बघून शिकावं अशी चार वर्षांची जुनी मुलंही होती.

नाईट यांची पूजा बांधायला मी बसलेले नाही. सरावात एका विद्यार्थ्याच्या गळ्याला हात घातल्याची त्यांची चित्रफीत २००० साली सगळ्या देशाने पाहिली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात विद्यापीठाने त्यांना काढलं, आणि ते काढणं योग्यच होतं. मूल शिकवताना त्याच्या अंगावर हात टाकायचा अधिकार कोणत्याच गुरूला नाही. माझी तक्रार पुढची आहे. विद्यापीठाने माणूस काढला आणि त्याच्याबरोबर त्याची शिकवण्याची शिस्तही बाहेर टाकली. त्यानंतर इंडियानाचा बास्केटबॉल नेमका कसा, या प्रश्नाचं उत्तर दर चार-पाच वर्षांनी बदलत गेलं.

माइक डेव्हिस यांनी २००२ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला, तो बहुतांशी नाईट यांनी जमवलेल्या मुलांच्या जोरावर. मग आले केल्विन सॅम्पसन. ओक्लाहोमात असताना शाळकरी खेळाडूंना नियमापेक्षा जास्त फोन केल्याचा ठपका त्यांच्यावर आधीच होता. इथेही तेच झालं आणि २००८ च्या फेब्रुवारीत त्यांना जावं लागलं. टॉम क्रीन यांचा पहिला मोसम सहा विजय आणि पंचवीस पराभवांचा. तरी त्यांनी संघ पुन्हा उभा केला, देशात पहिल्या क्रमांकावर नेला. मात्र शेवटच्या सोळांच्या पुढे त्यांना जाता आलं नाही. आर्ची मिलर चार वर्षं होते. त्यांच्या काळात एकदाही ‘मार्च मॅडनेस’ या राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ संघांत नाव आलं नाही. (२०२० ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही, तेवढी एक सवलत द्यायला हवी.) त्यांना मुदतीआधी घरी पाठवायला एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली.

सॅम्पसन यांचं पुढे काय झालं, ते इथल्या माणसाने डोळे उघडून बघायला हवं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांचा ह्यूस्टनचा संघ अंतिम सामन्यात फ्लोरिडाकडून ६५-६३ असा, दोन गुणांनी हरला. त्या संघात जुवान रॉबर्ट्ससारखा मुलगा होता, ह्यूस्टनमध्येच सहा वर्षं राहिलेला. त्याच्या शेजारी एल. जे. क्रायर, बेलरहून आलेला. जुनं आणि नवं एकत्र. संघ कसा खेळणार, हे मोसम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना माहीत: जीव तोडून बचाव, हुकलेल्या प्रत्येक चेंडूवर झडप. जो ते करायला तयार नाही तो ह्यूस्टनला जातच नाही. सॅम्पसन यांनी नियम मोडले ते मोडलेच, त्यात मी पाणी घालणार नाही. पण शिकवायचं काय हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि आमच्याकडे नेमकी तीच जागा रिकामी आहे.

२०२१ मध्ये माइक वुडसन आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. इंडियानापोलिसच्या शाळेतून आलेला मुलगा, नाईट यांच्या हाताखाली चार वर्षं खेळलेला, पुढे एनबीएत दोन संघांचा मुख्य प्रशिक्षक. त्यांना नेमणारे क्रीडा संचालक स्कॉट डॉल्सन हेही विद्यार्थी असताना नाईट यांच्या संघाचे व्यवस्थापक होते. घरचा माणूस घरी आला, अशी सगळ्यांची भावना. पण वुडसन यांनी तोवर कॉलेजच्या संघाला एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. एनबीएत हाताखाली येतो तो तयार गडी. कॉलेजात येतं ते एकोणीस वर्षांचं पोर, ज्याला डावा हात वापरता येत नाही, जे दोन फटके हुकले की मान खाली घालतं. आपल्याकडच्या तालमीत वस्ताद नवख्या पठ्ठ्याला वर्षभर माती उकरायला आणि जोर-बैठका मारायला लावतो, मग एकेक डाव देतो, आणि कोणाला कोणता डाव द्यायचा ते त्याच्या अंगलटीकडे बघून ठरवतो. कॉलेजचं प्रशिक्षण हे असं काम आहे. मोठ्या आखाड्यात नाव कमावलेला मल्ल चांगला वस्ताद होतोच असं नाही.

वुडसन यांचे संघ खेळत कसे होते? दोन उंच मुलं बास्केटखाली, बाकी तिघं वाट बघत. तीन गुणांच्या रेषेबाहेरून प्रयत्न इतके कमी, की त्या बाबतीत इंडियाना देशाच्या तळाशी असायचं. ऑल्फर्डने सात वेळा ती जाळी हलवून विजेतेपद आणलं त्याच गावात, तीन तपांनंतर, समोरच्या संघाचा बचाव बिनधास्त आत जमायचा, कारण बाहेरून कोणी मारणार नाही याची त्यांना खात्री. ट्रेस जॅक्सन-डेव्हिससारखा गुणी मुलगा होता तोवर निभावलं. दोन वर्षं स्पर्धेत नाव लागलं. तो गेला आणि पुढची दोन्ही वर्षं कोरी गेली.

त्यातही शेवटचं वर्ष जास्त दुखतं. पैसा होता. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ‘पोर्टल’मधून ॲरिझोनाचा उमर बालो आणला, वॉशिंग्टन स्टेटचा माइल्स राइस आणला, स्टॅनफर्डचा कनान कार्लाइल आणला. मोसमाआधी देशात सतरावा क्रमांक मिळाला. आणि नोव्हेंबरात बहामात लुइव्हिलने ८९-६१ असं झोडपलं. जानेवारीत इलिनॉय आमच्या घरी आलं तर मध्यंतरालाच ६०-३२. त्या रात्री असेंब्ली हॉलमध्ये प्रशिक्षकाला काढा म्हणून घोषणा झाल्या. मी त्या कधी दिल्या नसत्या, पण देणाऱ्यांचा संताप मला परका नाही. मैदानावर पाच चांगली मुलं होती आणि त्या पाचांना एकमेकांची सवयच नव्हती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झालं, की मोसम संपला की वुडसन जाणार. त्यानंतर चारच दिवसांत हाच संघ मिशिगन स्टेटच्या घरी जाऊन ७१-६७ जिंकला. महिनाअखेर राज्यातल्याच परड्यू विद्यापीठाला ७३-५८ ने हरवलं. त्या विजयांत मी बघत होते अँथनी लीलकडे. ब्लूमिंग्टनच्याच शाळेचा, २०२० सालचा इंडियानाचा सर्वोत्तम शालेय खेळाडू. चार वर्षं बहुतेक बाकावर बसला. खेळाडूंना नावावर पैसे मिळायला लागले तेव्हा आलेल्या पैशातून त्याने बहिणीचं शिक्षणाचं कर्ज फेडलं. पोर्टलमधून दुसरीकडे जाऊन त्याला कुठेही रोज खेळता आलं असतं, तरी तो राहिला. आणि पाचव्या वर्षी, संघ बुडताना, समोरच्या सर्वांत भारी खेळाडूला रोखायचं काम त्याच्याकडे आलं. आजोबा असते तर म्हणाले असते, ह्याला कोणीतरी शिकवलंय. मला प्रश्न पडतो, की हा मुलगा जानेवारीपर्यंत बाकावर काय करत होता?

परड्यू इथून दीड-दोन तासांवर, वेस्ट लाफियेटला. तिथे मॅट पेंटर २००५ पासून प्रशिक्षक आहेत. झॅक ईडी नावाचा टोरांटोचा उंच मुलगा, लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळणारा, देशातल्या शाळकरी खेळाडूंच्या यादीत चारशेच्याही खाली होता. पेंटरनी त्याला घेतलं, शिकवलं, आणि तो लागोपाठ दोन वर्षं देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रेडन स्मिथ इंडियानापोलिसजवळच्या वेस्टफील्डचा. बुटका म्हणून मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे फारसं बघितलं नव्हतं. २०२४-२५ च्या मोसमात तो बिग टेनमधला, म्हणजे इंडियाना आणि परड्यू ज्या गटात खेळतात त्यातला, सर्वोत्तम खेळाडू होता. फ्लेचर लॉयर फोर्ट वेनचा. ट्रे कॉफमन-रेन राज्याच्या दक्षिण टोकाच्या सेलर्सबर्गचा. त्याच्या घरापासून ब्लूमिंग्टन जवळ, वेस्ट लाफियेट लांब. इंडियानालाही तो हवा होता, तरी तो परड्यूला गेला. आणि न्यू कॅसल? ज्या गावाने १९७६ ला केंट बेन्सन दिला आणि १९८७ ला ऑल्फर्ड, त्या गावचा मेसन गिलिस २०२४ चा अंतिम सामना खेळला, परड्यूच्या जर्सीत. त्या रात्री मला जितकं वाईट वाटलं तितकं इंडियानाच्या कोणत्याही पराभवाने वाटलेलं नाही. स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन तिघेही २०२५-२६ च्या मोसमासाठी परड्यूतच राहिले, आणि त्या मोसमाआधीच्या यादीत परड्यू देशात पहिलं होतं.

‘आता जमाना बदलला, मुलं थांबत नाहीत,’ असं मला सगळे समजावतात. जमाना बदलला हे खरंच. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बसून काढावं लागे, तेही गेलं. २०२५ च्या जुलैपासून तर विद्यापीठ स्वतः सगळ्या खेळांतल्या विद्यार्थ्यांना मिळून पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षासाठी मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर. मला यातलं काहीच खटकत नाही. ज्यांच्या घामावर स्टेडियमं भरली आणि प्रशिक्षक कोट्यधीश झाले त्या मुलांना पैसे मिळायलाच हवे होते, फार आधी मिळायला हवे होते. मुलगा दुसरीकडे गेला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तोच पैसा आणि तेच नियम परड्यूलाही लागू आहेत. तिथली मुलं थांबतात, कारण थांबल्याने आपला खेळ सुधारतो हे त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांकडे बघून पाहिलेलं असतं.

आणि कोणी म्हणेल की पोर्टलमधून संघ बांधताच येत नाही, तर त्याचं उत्तर आमच्याच आवारात आहे. इंडियानाचा फुटबॉल म्हणजे वर्षानुवर्षांची हार. कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस आले आणि पहिल्याच वर्षी ११ विजय, २ पराभव. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांनी ओरेगॉनला ओरेगॉनच्या मैदानात ३०-२० ने हरवलं. त्यांनीही मुलं बाहेरूनच आणली. पण येताना जेम्स मॅडिसन या आपल्या जुन्या विद्यापीठातून तेरा जण बरोबर आणले, ज्यांना त्यांची पद्धत पाठ होती. बाकीचे त्या तेरांकडून शिकले. सिग्नेटींनाही डॉल्सन यांनीच नेमलं. म्हणजे योग्य माणूस कसा निवडायचा ते त्यांना कळतं. बास्केटबॉलची वेळ आली तेव्हा मात्र आठवणींनी त्यांचा हात धरला, असं मला वाटतं.

नवे प्रशिक्षक डॅरियन डीव्रीस आयोवाच्या ड्रेक विद्यापीठात सहा वर्षं होते, मग एक वर्ष वेस्ट व्हर्जिनियात. नाईट यांच्याशी त्यांचा काहीही संबंध नाही, आणि मला ते बरं वाटतं. मुलगा टकर त्यांच्याबरोबर आला आहे, ड्रेकमध्ये त्यांच्या हाताखाली खेळलेला कॉनर एनराइट आला आहे. बाहेरून मारता येणारी मुलं त्यांनी मुद्दाम निवडलेली दिसतात. हेरताना डोळ्यांसमोर एक खेळ होता, एवढं तरी नक्की. फक्त यातली बरीच मुलं शेवटच्या वर्षाची आहेत. एप्रिलमध्ये ती जाणारच. तेव्हा पुन्हा रिकाम्या खोलीत उभं राहून दहा-बारा जणांची खरेदी करायची, की खाली कोणीतरी तयार होत असेल?

म्हणून या हिवाळ्यात माझं लक्ष ट्रेंट सिस्लीवर असणार आहे. दक्षिण इंडियानातला पोरगा, शाळेचं शेवटचं वर्ष फ्लोरिडात काढलं, आणि आता पहिल्या वर्षाला ब्लूमिंग्टनमध्ये. तो चुका करेल. बचावात मागे पडेल, चेंडू घालवेल. डिसेंबरात लहान संघांबरोबर जे सामने असतात त्यांत त्याला अर्ध्या अर्ध्या सामन्यासाठी मैदानावर ठेवायला हवं. वीस गुणांनी जिंकण्याऐवजी आठ गुणांनी जिंकलो तरी चालेल, एखादा हरलो तरी चालेल. आणि डीव्रीस यांनी पोर्टलमध्ये एक डोळा ठेवताना दुसरा शुक्रवारी रात्री न्यू कॅसल, बेडफर्ड, सेलर्सबर्गच्या शाळांत ठेवायला हवा, स्वतः जाऊन, आठवी-नववीच्या पोरांपर्यंत. हे मागणं मी डॉल्सन यांना पत्रातही लिहून पाठवणार आहे, आणि कोलंबसमधली आमची जी जी मराठी घरं हंगामी तिकिटं काढतात त्यांनीही खाली सही करावी, असं मी सगळ्यांना सांगते आहे.